जॉर्जियन ‘आन’: एक अक्षर, चार क्रमांक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिप्यांविषयी मराठीत काही छापून आले की जॉर्जियन लिपीबद्दल एक वाक्य ठरलेले असते: या लिपीत रोमनसारखी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे नाहीत. आपल्या पुरवणीतही ते येऊन गेले. शाळेच्या वहीपुरते ते बरोबर आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र ते जून २०१८पासून खरे राहिलेले नाही. त्यावर विसंबून राहिल्याचे परिणाम रोज कुठे ना कुठे दिसतात. संकेतस्थळाच्या मथळ्यात अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात, अर्जात नीट भरलेले नाव ‘अवैध’ म्हणून परत येते, यादीत असलेला माणूस शोधूनही सापडत नाही. हे का होते ते कळायला त्या लिपीतले एकच अक्षर पुरते. ते म्हणजे जॉर्जियन वर्णमालेतले पहिले अक्षर, ‘आन’.

आधी लिपीची ओळख, कामापुरती. जॉर्जियन, म्हणजे कॉकेशसमधल्या जॉर्जिया या देशाची भाषा, तीन लिप्यांत लिहिली गेली. सर्वांत जुनी असोमतावरुली. बोलनिसी सिओनी या चर्चवरचे पाचव्या शतकातले लेख याच लिपीत कोरलेले आहेत. नवव्या शतकापासून नुस्खुरी दिसू लागते, कोनदार आणि जरा तिरकी. त्यानंतर गोलाईदार म्खेद्रुली आली आणि आजचा सगळा व्यवहार तिच्यातच चालतो. पहिल्या दोन चर्चच्या वापरात टिकून राहिल्या. या तिन्ही लिप्यांच्या जिवंत परंपरेला युनेस्कोने २०१६ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. म्खेद्रुलीत पूर्वी ३८ अक्षरे होती. १८७९ साली इल्या चावचावाद्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या साक्षरता प्रसारक मंडळीने त्यांतली ५ वगळली आणि आजची ३३ उरली.

यात चौथे एक नाव येते, म्तावरुली, आणि सगळा गुंता तिथेच आहे. म्तावरुली ही वेगळी लिपी नव्हे. ती म्खेद्रुलीचीच अक्षरे आहेत, फक्त सगळी एका उंचीत बसवलेली. साध्या म्खेद्रुलीत काही अक्षरांचे दांडे वर जातात, काहींच्या शेपट्या ओळीखाली उतरतात. म्तावरुलीत ते सारे दोन रेषांच्या आत ओढून घेतलेले असते, त्यामुळे ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. मथळा, दुकानाची पाटी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, उठावदार करायचा एखादा शब्द यांसाठी ती वापरतात. पण वापरायची तर अख्ख्या शब्दाला. वाक्याचे किंवा नावाचे फक्त पहिले अक्षर म्तावरुलीत आणि बाकीची म्खेद्रुलीत, असे जॉर्जियन माणूस लिहीत नाही. गेल्या शतकात अकाकी शानिद्झे या भाषाशास्त्रज्ञांनी असोमतावरुलीची अक्षरे कॅपिटलसारखी वापरून पाहिली होती. ती पद्धत रुजली नाही. हा नियम लक्षात ठेवावा, कारण पुढच्या निम्म्या चुका तो मोडल्याने होतात.

आता क्रमांक. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संगणकीय प्रमाणात प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक असतो. एकदा दिला की तो बदलत नाही, काढून घेतला जात नाही, अक्षराचे नावही बदलत नाही. जॉर्जियन लिपी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे, आपल्या देवनागरीसारखीच. आज ‘आन’चे चार क्रमांक आहेत. ‘यू+’नंतरचा आकडा सोळा-आधारी, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ असा मोजलेला असतो. असोमतावरुली आन यू+१०ए०, दशमानात ४२५६. म्खेद्रुली आन यू+१०डी०, दशमानात ४३०४. हे दोन्ही पहिल्यापासूनचे. नुस्खुरी आन यू+२डी००, म्हणजे ११५२०. हा २००५ साली, आवृत्ती ४.१मध्ये आला. आणि म्तावरुली आन यू+१सी९०, म्हणजे ७३१२. हा जून २०१८मध्ये, आवृत्ती ११मध्ये. त्या आवृत्तीत म्तावरुलीची एकूण ४६ अक्षरे दाखल झाली. रोजच्या वापरातल्या ३३ अक्षरांसोबत जुनी, इतर भाषांसाठीची आणि विशेष चिन्हेही त्यांत आहेत.

२०१८च्या आधी म्तावरुली दाखवायची कशी? दोन मार्ग होते. पहिला, वेगळा फाँट: क्रमांक म्खेद्रुलीचेच, पण फाँटमधली चित्रे म्तावरुलीची. दुसरा, एकाच फाँटमध्ये दोन्ही आकार ठेवून ओपनटाइप या फाँट-तंत्राच्या ‘केस’ या सुविधेने हवा तिथे दुसरा आकार चढवायचा. जॉर्जियन संकेतस्थळांच्या शैलीपत्रकांत (सीएसएस) हा दुसरा मार्ग आजही ठिकठिकाणी सापडतो. छपाईपुरते हे चालून जाई. पण साध्या मजकुरात, म्हणजे ईमेलमध्ये, संदेशात किंवा डेटाबेसमध्ये, फाँट सोबत जात नाही आणि मजकुरातला तो उठाव वाटेतच हरवे. म्हणून स्वतंत्र क्रमांक मागितले गेले आणि मिळाले.

नुसते नवे क्रमांक आले असते तर गडबड झाली नसती. युनिकोड क्रमांकाबरोबर अक्षराचा स्वभावही ठरवते. आवृत्ती १०पर्यंत म्खेद्रुली आन हे देवनागरी ‘अ’सारखे होते: कॅपिटल नाही, स्मॉल नाही, नुसते अक्षर. प्रोग्रॅमने ‘कॅपिटल करा’ म्हटले तर ते जागचे हलत नसे. आवृत्ती ११मध्ये त्याचा वर्ग बदलून स्मॉल अक्षर असा झाला, त्याचे कॅपिटल म्हणून म्तावरुली आन लावले गेले आणि उलट दिशेने म्तावरुलीचे स्मॉल म्हणून म्खेद्रुली. म्हणजे आज्ञावलीतली एक ओळही न बदलता, केवळ आतले तक्ते नव्याने बसवल्यामुळे, काल जे अक्षर स्थिर होते ते आज बदलू लागले. एक अपवाद मुद्दाम ठेवला आहे आणि तो फार विचाराने ठेवलेला आहे. ‘फक्त पहिले अक्षर मोठे’ या रूपासाठी युनिकोडमध्ये वेगळी नोंद असते, तिला टायटलकेस म्हणतात. तिथे म्खेद्रुली आनसमोर म्खेद्रुली आनच लिहिले आहे. जॉर्जियन लेखनाचा वर सांगितलेला नियम इथे तक्त्यात उतरला आहे.

चौकोन कसे येतात ते आता कळेल. संकेतस्थळांच्या शैलीपत्रकात मेनू, बटणे, विभागांची नावे यांना ‘सगळे कॅपिटल’ ही सूचना सर्रास लावलेली असते. जॉर्जियन मजकुरावर पूर्वी तिचा काहीच परिणाम होत नसे, म्हणून कोणी ती काढली नाही. ब्राउझरचे तक्ते आवृत्ती ११चे झाल्यावर तीच सूचना प्रत्येक ४३०४चा ७३१२ करू लागली. वाचकाच्या यंत्रातल्या फाँटमध्ये ७३१२ला चित्र नसेल तर चौकोन. दुसऱ्या एखाद्या फाँटमध्ये असेल तर ब्राउझर तिथून उसने आणतो, मग मथळ्याचे वळण बाकी पानाशी जुळत नाही. मजकूर बिघडलेला नसतो. तोच मजकूर पानाच्या मूळ स्रोतातून उचलून साध्या संपादकात चिकटवला तर तो बहुधा नीट दिसतो, त्यामुळे दुरुस्ती करणारा बराच वेळ चुकीच्या जागी शोधत बसतो.

उपाय क्रमाने करावा लागतो. आधी फाँट, मग रूपांतर. पान ज्या फाँटवर उभे आहे त्यात यू+१सी९० ते यू+१सीबीए आणि यू+१सीबीडी ते यू+१सीबीएफ हे क्रमांक भरलेले आहेत का ते पाहावे. लिनक्सवर ‘एफसी-लिस्ट’ या आज्ञेला १सी९० हा कॅरसेट दिला की तो क्रमांक असलेले सगळे फाँट समोर येतात. विंडोजमध्ये कॅरेक्टर मॅप उघडून फाँट निवडावा आणि तिथे बघावे. नोटो मालिकेतल्या जॉर्जियन फाँटमध्ये ही अक्षरे आहेत. नावात म्तावरुली असलेले जुने फाँट इथे दगा देऊ शकतात. त्यांच्यातली चित्रे म्तावरुलीची असली तरी ती म्खेद्रुलीच्या क्रमांकांवर बसवलेली असतात. अशा फाँटवर ‘सगळे कॅपिटल’ लावले की नेमका म्तावरुली फाँट असूनही चौकोन येतात. त्याच्यासोबत ती सूचना कधीच देऊ नये. फाँट तयार नसेल तर जॉर्जियन भाषेच्या भागाला, म्हणजे भाषा-खूण ‘केए’ असलेल्या मजकुराला, रूपांतर ‘नको’ अशी स्पष्ट सूचना द्यावी. त्यासाठी मजकुरावर भाषेची खूण असायला हवी आणि ती बऱ्याचदा नसते. मग ती आधी लावावी. ‘स्मॉल कॅप्स’चाही असाच त्रास होतो. फाँटमध्ये तशी सोय नसेल तर ब्राउझर आतून कॅपिटल करूनच अक्षर लहान करतो.

मराठी संकेतस्थळे बनवणाऱ्यांनी यात एक गोष्ट पाहून घ्यावी. बाजारात मिळणारे साचे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात आणि ‘सगळे कॅपिटल’ ही सूचना त्यांत जागोजागी असते. देवनागरीवर तिचा परिणाम होत नाही, म्हणून मराठी पानांत ती वर्षानुवर्षे पडून राहते. एखाद्या बातमीत त्बिलिसी या जॉर्जियाच्या राजधानीतल्या संस्थेचे मूळ लिपीतले नाव आले, की तेवढ्या एका शब्दाचे चौकोन होतात आणि दोष दिला जातो जॉर्जियन फाँटला.

आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी थोडे खोलात. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे नावाचे पहिले अक्षर सुटे काढायचे, ते कॅपिटल करायचे आणि उरलेले मागे जोडायचे. जावास्क्रिप्टमध्ये टायटलकेसची वेगळी सोय नाही, म्हणून हीच युक्ती सगळीकडे लिहिलेली दिसते. जॉर्जियन नावावर ती चालवली की पहिले अक्षर म्तावरुली, बाकीची म्खेद्रुली, म्हणजे नेमके जे कोणी लिहीत नाही ते तयार होते. यू+१०डी० ते यू+१०एफएफ या पट्ट्यातले अक्षर असेल तर त्याला हात लावू नये, एवढी एक अट घातली की काम भागते. पायथॉनमध्ये आवृत्ती ३.६पर्यंत आन कॅपिटल केले तरी आनच राही. ३.७मध्ये युनिकोड ११ आले आणि ते बदलू लागले. ‘कॅपिटलाइझ’ हे कार्यही तिथे पहिले अक्षर म्तावरुली करी. ३.८पासून त्या कार्यात टायटलकेस वापरतात, म्हणून ते पुन्हा बरोबर झाले. ज्यांच्या यंत्रणेत अजून ३.७ चालू आहे त्यांनी हे जरूर तपासावे. जावाची ११वी आवृत्ती युनिकोड १०वर आहे, १२वी युनिकोड ११वर. त्यामुळे ११वरून थेट १७वर उडी मारणाऱ्या संस्थांना हा बदल एकदम भेटतो. जावाच्या मूळ आज्ञावलीत, कॅपिटल-स्मॉल भेद सोडून दोन शब्द ताडून पाहण्याच्या भागात, जॉर्जियन वर्णमालेचे केसचे नियम वेगळे असल्याने आणखी एक तपासणी करावी लागते अशी टीप फार पूर्वीपासून आहे. एका लिपीसाठी तिथे वेगळी ओळ लिहिलेली पाहून आम्हाला नेहमी बरे वाटते.

अर्जात नाव अवैध ठरण्याचे कारण साधे आहे. जॉर्जियन नाव तपासण्यासाठी ‘पहिल्या आनपासून शेवटच्या हाएपर्यंत’ असा पट्टा दिलेला असतो, यू+१०डी० ते यू+१०एफ०, बरोबर ३३ अक्षरे. अर्जाने तपासणीच्या आधीच नाव कॅपिटल केले तर सगळी अक्षरे या पट्ट्याबाहेर जातात. तपासणी आधी, रूपांतर नंतर. आणि नावासाठी रूपांतर मुळात करूच नये हे सर्वांत उत्तम.

न सापडणाऱ्या नोंदीचे कारण याहून आडवळणाचे असते. एका सेवेचे तक्ते जुने, दुसरीचे नवे. समजा अर्ज घेणारा भाग नव्या पायथॉनवर आहे आणि तो नाव कॅपिटल करून साठवणीची चावी बनवतो. शोधणारा भाग जावा ११वर आहे. तो कॅपिटल करतो तेव्हा काहीच होत नाही. दोन चाव्या वेगळ्या, नोंद गायब. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत ज्या कोलेशनच्या, म्हणजे मजकुराची तुलना करण्याच्या नियमसंचाच्या, नावात ‘०९००’ आहे त्या युनिकोड ९च्या तक्त्यांवर आधारलेल्या आहेत. म्तावरुली अक्षरे त्यांना माहीतच नाहीत, त्यामुळे ‘कॅपिटल-स्मॉल सारखे माना’ असे सांगूनही ४३०४ आणि ७३१२ सारखे धरले जात नाहीत. म्हणून साठवताना नेहमी स्मॉल करावे, म्हणजे म्खेद्रुली. जुन्या आणि नव्या दोन्ही तक्त्यांत म्खेद्रुलीचे स्मॉल रूप तेच राहते. चावी कॅपिटलने बनवण्याची सवय रोमन लिपीतून आलेली आहे, ती इथे सोडावी.

अनुक्रम लावतानाही नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. साक्षरता मंडळीने वगळलेल्या ५ अक्षरांना यू+१०एफ१ ते यू+१०एफ५ असे शेवटचे क्रमांक मिळाले आहेत, पण जुन्या वर्णक्रमात त्यांतल्या चारांची जागा मध्ये असते; ‘हे’ हे अक्षर ‘झेन’च्या लगेच नंतर येते. जुन्या ग्रंथांची सूची क्रमांकाने लावली तर ही चार अक्षरे तळाशी जाऊन बसतात.

बिघाड ओळखायला बाइट पाहता आले तर फार वेळ वाचतो, आणि जॉर्जियनमध्ये ते सोपे आहे. यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड क्रमांक बाइटमध्ये साठवण्याची रूढ पद्धत. तिच्यात म्खेद्रुली आन म्हणजे ई१ ८३ ९० हे तीन बाइट. म्तावरुली आन म्हणजे ई१ बी२ ९०. फरक फक्त मधल्या बाइटचा. नशिबाने दोन्ही पट्टे अशा जागी बसले आहेत की म्खेद्रुली-म्तावरुलीच्या प्रत्येक जोडीत हेच होते: पहिला आणि तिसरा बाइट तोच, मधला ८३ किंवा बी२. फाइल सोळा-आधारी रूपात उघडून ई१ बी२ शोधले की म्तावरुली कुठे शिरली ते कळते. तिसरा बाइट ९० किंवा त्याहून मोठा आहे ना तेवढे पाहावे, कारण ८० ते ८एफ हा भाग सिरिलिकच्या जोडपट्ट्याचा आहे. नुस्खुरी आन ई२ बी४ ८० आणि असोमतावरुली आन ई१ ८२ ए०.

यूटीएफ-८ मजकूर चुकून विंडोज-१२५२ या जुन्या रोमन कूटलेखनाचा म्हणून उघडला गेला तर काय दिसते हेही ओळखून ठेवावे. मराठी मजकुराचे असे झाले की उलट्या तिरक्या रेघेचा रोमन ‘ए’ आणि चार पाय फुटलेले वर्तुळ ही जोडी पानभर दिसते. ती आपल्या वाचकांनी नक्की पाहिली असेल. जॉर्जियन मजकुरात सरळ तिरक्या रेघेचा ‘ए’ आणि त्यामागे शेपटीवाला ‘एफ’ दिसतो. आणि त्या ‘ए’मागे वर चढवलेला छोटा २ दिसला तर मूळ मजकूर म्तावरुलीत होता. फाइल जतन न करता बंद करून योग्य कूटलेखनाने पुन्हा उघडावी. त्या अवस्थेत जतन केली तर ९०सारखे बाइट, ज्यांना त्या तक्त्यात अक्षरच नाही, वाटेत गळू शकतात, आणि आनचा शेवटचा बाइट नेमका तोच आहे.

युनिकोडच्या आधीचा मजकूर हे वेगळेच प्रकरण, आणि इथे मराठी वाचकाला काही समजावून सांगायची गरज पडू नये. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये आपण जे वर्षानुवर्षे केले तेच जॉर्जियात ‘अकादनुस्ख’ आणि त्याच्या भावंड फाँटमध्ये झाले: रोमन अक्षरांच्या क्रमांकावर जॉर्जियन चित्रे बसवली. रोमन स्मॉल अक्षरे २६, जॉर्जियन अक्षरे ३३. उरलेल्या ७ अक्षरांसाठी शिफ्ट दाबून सात रोमन कॅपिटल घेतली: डब्ल्यू, आर, टी, एस, जे, झेड आणि सी. आनला साधा ‘ए’ मिळाला, म्हणून आन या गोंधळातून बऱ्यापैकी सुखरूप सुटतो. बाकीच्यांचे हाल होतात. स्मॉल ‘टी’ म्हणजे ‘तार’, कॅपिटल ‘टी’ म्हणजे ‘थान’, साधारण आपल्या थ-सारखा श्वासयुक्त ध्वनी. त्बिलिसीच्या नावात पहिले अक्षर थान आहे. अशा मजकुराचे कोणी ‘सगळे स्मॉल’ केले की शहराचे नाव तारने सुरू होते. वर्ड प्रोसेसरने वाक्यारंभी आपोआप कॅपिटल केले तर साकार्तवेलो, म्हणजे जॉर्जियन भाषेतले त्या देशाचे नाव, ‘सान’ऐवजी ‘शिन’ने सुरू होऊन ‘शाकार्तवेलो’ होते.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना तीन गोष्टी पाळाव्यात. रूपांतर होईपर्यंत कॅपिटल-स्मॉलला स्पर्श करू नये आणि आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. संपूर्ण फाइल एकदम फिरवू नये. वर्डच्या शोध-खिडकीत फाँटचे नाव देऊन तेवढेच तुकडे निवडावेत, नाहीतर कागदातले ईमेल पत्ते आणि इंग्रजी शब्दही जॉर्जियन होऊन बसतात. आणि म्तावरुली चित्रांच्या जुन्या फाँटमधला मजकूर कुठल्या क्रमांकांत न्यायचा ते आधी ठरवावे. आमचे मत असे की व्यक्तींची, गावांची, संस्थांची नावे म्खेद्रुलीतच साठवावीत आणि दाखवताना हवी तर म्तावरुली करावीत. लेखकाने चालू मजकुरात मुद्दाम उठावासाठी म्तावरुली वापरली असेल तिथे मात्र नवे क्रमांक द्यावेत, तो त्याच्या लिखाणाचा भाग आहे.

त्याच काळातली आठ-बिटी कूटलेखनेही भेटतात. ‘जॉर्जियन अकॅडमी’ आणि ‘जॉर्जियन पीएस’ या दोन्हींत आन १९२ या जागी आहे. म्हणून नमुना म्हणून सुरुवातीची अक्षरे पाहिली तर दोन्ही तक्ते बरोबर वाटतात, आणि आनपासून झेनपर्यंतची ७ अक्षरे जुळतातही. पण पीएसमध्ये १९९वर जुने ‘हे’ अक्षर घातलेले आहे, अकॅडमीत तिथे थान आहे. पीएसची फाइल अकॅडमी समजून वाचली की थानच्या जागी ‘इन’ दिसते आणि पुढेही अक्षरे सरकत जातात. तपासणी नेहमी थान असलेल्या शब्दावर करावी. ‘आयकॉन्व्ह’ या कूटलेखन बदलणाऱ्या साधनाच्या ग्नू आवृत्तीत दोन्ही तक्ते नावासकट आहेत.

हा तपशील मराठी वर्तमानपत्रात कशासाठी, असे कोणी विचारेल. जॉर्जियात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांत मराठी मुले-मुली आहेत. त्यांची प्रमाणपत्रे भाषांतरासाठी, नोंदणीसाठी इथल्या टेबलांवर येतात. पीडीएफमधून मजकूर उचलला आणि रोमन अक्षरांची मध्येच कॅपिटल असलेली विचित्र माळ मिळाली, तर ती फाइल खराब नाही, जुन्या फाँटची आहे. ती पुन्हा टंकायला बसू नये. वरची ७ कॅपिटल जशीच्या तशी ठेवून रूपांतर करावे. प्रमाणपत्राचा मथळा म्तावरुलीत आणि खालचे नाव म्खेद्रुलीत असेल तर ती दोन वेगळी नावे किंवा वेगळ्या लिप्या समजू नयेत.

दुसरे कारण आपल्या लिपीचे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत, पण क्रमांक एकच आहे. मराठी वळण येते ते फाँटमधल्या भाषानिहाय सोयीमुळे, तेही मजकुरावर मराठीची खूण असेल तर. जॉर्जियन म्तावरुलीलाही अशाच सोयीवर ठेवता आले असते, मग तिला वेगळे क्रमांक का? आमच्या मते फरक हा: आपण एकाच लेखात दोन प्रकारचे ‘ल’ अर्थभेदासाठी वापरत नाही. जॉर्जियन लेखक एकाच पानावर म्खेद्रुली आणि म्तावरुली हेतूने वापरतो. जिथे आकाराला हेतू आहे तिथे क्रमांक हवा, आणि म्हणून २०१८चा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. उशिरा क्रमांक मिळाल्याचा त्रास आपल्यालाही ठाऊक आहे. ‘ॲ’ला यू+०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली आवृत्ती ५.१मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन बनवलेला ‘अॅ’ आहे. युनिकोड त्या दोघांना समतुल्य मानत नाही, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲसिड’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साध्या शोधात सापडत नाही.

जाता जाता पत्त्यांविषयी. जॉर्जियाला स्वतःच्या लिपीतले इंटरनेट डोमेनही आहे, ‘गान’ आणि ‘एन’ या दोन अक्षरांचे. आतल्या यंत्रणेसाठी त्याचे रोमन रूप होते ‘एक्सएन--नोड’. डोमेनच्या नियमांत म्तावरुली अक्षरे चालत नाहीत. ब्राउझर ती म्खेद्रुलीत बदलून घेतो, पण पत्ता साठवणारी साधी आज्ञावली तसे करीलच असे नाही. छापील जाहिरातीत पत्ता म्तावरुलीत असेल तर टंकताना म्खेद्रुलीतच टंकावा.

ज्यांना आपली यंत्रणा तपासायची आहे त्यांनी साकार्तवेलो हा शब्द घ्यावा. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये १०डी० हे रोमन कळांनी टंकून ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबले की आन उमटते, बाकीची अक्षरे तशीच. लिनक्सच्या बऱ्याच संपादकांत कंट्रोल-शिफ्ट-यू, मग क्रमांक, मग एंटर. शब्दात १० अक्षरे, थान आहे, आन दोनदा आहे, यूटीएफ-८मध्ये ३० बाइट. तो कॅपिटल करावा: नव्या तक्त्यांवर अक्षरे १० आणि बाइट ३०च राहिले पाहिजेत, आणि दहाही ठिकाणी मधला बाइट बी२ झाला पाहिजे. पुन्हा स्मॉल करावा: मूळ शब्दाशी बाइटनिशी जुळला पाहिजे. ‘फक्त पहिले अक्षर मोठे’ करावे: काहीही बदलता कामा नये. शेवटी हीच तपासणी शोधण्याच्या बाजूने, डेटाबेसमध्ये, आणि छापण्याच्या बाजूने, प्रत्यक्ष वापरातल्या फाँटवर करावी. पडद्यावर बरोबर दिसलेले अक्षर प्रिंटरच्या फाँटमध्ये नसते, असे पुष्कळदा होते.

आपल्या पुढच्या मजकुरात ते ठरलेले वाक्य बदलून ‘जॉर्जियनमध्ये अख्खा शब्द मोठ्या अक्षरांत लिहितात, पहिले अक्षर नाही’ असे छापावे, ही विनंती.

आपले,
फाँट आणि संगणकीय लिपी या क्षेत्रात काम करणारे काही वाचक
पुणे